टर्मिनलवरची अक्षरे आणि त्यांचे दोन वाचक

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकात एक फोटोटाइपसेटर होता. युनिक्सवर मजकूर तयार करायचा, टाइपसेटिंगचा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याचे आउटपुट सरळ या यंत्राकडे पाठवायचे, अशी तिथली पद्धत. यंत्र फोटोच्या कागदावर अक्षरे उमटवी आणि मग तो कागद रसायनांतून काढून धुवावा लागे. त्या काळी तिथे काम करणाऱ्या स्टीफन जॉन्सन यांनी पुढे एक हकीकत सांगितली आहे. एवढे सगळे सोपस्कार करून कागद हातात घ्यावा, तर त्यावर लेखाचा पत्ता नाही. सुबक टाइपात छापलेली एकच ओळ: अमुक फाइल उघडता आली नाही. माणसासाठी असलेला निरोप यंत्राने इमानेइतबारे छापून टाकला होता, कारण प्रोग्रॅमला बोलायला तेवढा एकच मार्ग होता. अशा प्रसंगांनंतर डेनिस रिची यांनी थोड्याच दिवसांत दुसरा मार्ग काढून दिला. त्याचे नाव स्टँडर्ड एरर. कामाचा मजकूर एकीकडून जाईल, माणसाला सांगायच्या तक्रारी दुसरीकडून.

आज कमांड लाइनवर काम करणारे सगळेच ही सोय रोज वापरतात. ती का आली, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. टर्मिनलमधले आउटपुट सुवाच्य करणे म्हणजे रंग भरणे आणि चौकटी आखणे, असा एक समज आहे. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: हे वाचणार कोण? कमांडने छापलेली ओळ कधी माणूस वाचतो, तर कधी पुढचा प्रोग्रॅम. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत या क्षेत्रात जे जे चांगले झाले, ते या दोन वाचकांना वेगळे ओळखण्यातून झाले. आणि जे बिघडले, ते बहुतेक दोघांना एकच समजल्यामुळे.

सुरुवातीला पडदाच नव्हता. १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतले, तेव्हा समोर होते टेलिटाइप मॉडेल ३३. हे यंत्र १९६३मध्ये बाजारात आले होते. ते सेकंदाला १० अक्षरे कागदावर ठोकी, फक्त कॅपिटल अक्षरे छापी आणि एका ओळीत ७२ अक्षरे मावत. पूर्ण भरलेली एक ओळ छापायला सात सेकंद लागत, आणि तशा २४ ओळी छापायला जवळजवळ तीन मिनिटे. वर कळा दाबायलाही जोर लागे. युनिक्सच्या कित्येक कमांडची नावे दोन-दोन अक्षरांची का आहेत, याचे उत्तर इथे बरेचसे मिळते. फाइलची प्रत काढणारा सीपी काम झाल्यावर ‘झाले’ असेही म्हणत नाही, त्याचे कारणही हेच. कागद, शाई आणि वेळ खर्च होईल असे काही बोलायचेच नाही, ही शिस्त होती.

ही शिस्त कधीकधी टोकालाही गेली. थॉम्प्सन यांचा ईडी हा एडिटर चूक झाली की एक प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. चूक कोणती, ते ज्याचे त्याने ओळखायचे. पण या मितभाषीपणाचा एक मोठा फायदा पुढे दिसला. १९७३मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे युनिक्समध्ये पाइप आला, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसऱ्या कमांडला इनपुट म्हणून जोडता येऊ लागले. कमांड फालतू बडबड करत नसल्यामुळे ही जोडणी लगेच जमली. १९७८मध्ये बेल सिस्टीमच्या तांत्रिक नियतकालिकाचा युनिक्स विशेषांक निघाला. त्याच्या प्रस्तावनेत मॅकिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे धोरण शब्दांत मांडले: आपल्या प्रोग्रॅमचे आउटपुट उद्या भलत्याच प्रोग्रॅमचे इनपुट होईल हे धरून चाला, त्यात अवांतर माहिती कोंबू नका, काटेकोर रकान्यांचा हट्ट धरू नका. म्हणजे मान दुसऱ्या वाचकाला, प्रोग्रॅमला. माणसाने जमेल तसे निभावून न्यायचे.

मग पडदे आले. १९७८मध्येच डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हीटी१०० आला, ८० रकाने आणि २४ ओळींचा. यातला ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डापासून चालत आला होता. आजही बहुतेक टर्मिनल विंडो उघडताना तेवढ्याच आकाराची उघडते. पडद्यामुळे वेग वाढला आणि त्याबरोबर एक नवी अडचण आली. टेलिटाइपवर छापलेले कुठे जात नसे. कागद मागे ओढला की कालचेही वाचता येई. पडद्यावरची पंचविसावी ओळ आली की पहिली गेली, ती कायमची. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट यांनी १९७८मध्ये मोर हा प्रोग्रॅम लिहिला तो यासाठी. तो एक पडदाभर मजकूर दाखवून थांबे आणि स्पेसबार दाबला की पुढे जाई. त्यात मागे जाता येत नव्हते, म्हणून मार्क न्यूडलमन यांनी १९८३ ते ८५च्या दरम्यान लेस लिहिला. तोच आज जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतो.

लेसबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण लोक तो रोज वापरतात आणि त्याची निम्मी ताकद वापरातच येत नाही. सर्व्हरच्या लॉगमधली एक ओळ ३०० अक्षरांची असली, तर ८० रकान्यांच्या विंडोत ती चार ओळींवर दुमडते. अशा शंभर ओळी आल्या की कुठली ओळ कुठे संपली, हे डोळ्याला कळेनासे होते. लेसला मोठ्या एसचा पर्याय दिला की तो ओळ दुमडत नाही, कडेला कापतो आणि उजव्या-डाव्या बाणांनी सरकू देतो. वेळ, पातळी, प्रोसेसचे नाव हे रकाने एकाखाली एक येतात आणि वेगळी पडलेली ओळ नजरेत भरते. मोठ्या एफचा पर्याय दिला तर मजकूर एका पडद्यात मावल्यावर लेस स्वतःहून बाहेर पडतो. मोठ्या आरचा दिला तर रंग जसेच्या तसे दाखवतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत इतिहास पाहताना आउटपुट आपोआप पानापानाने येते आणि छोटे असेल तर थेट छापले जाते, ते याच पर्यायांमुळे. वापरणाऱ्याने काही ठरवले नसेल तर गिट लेसला ते पर्याय गुपचूप लावून देतो.

दोन वाचकांचा प्रश्न सगळ्यांत उघडपणे वादात आला तो एलएसमुळे. फाइलींची यादी देणारा हा कमांड मुळात एका ओळीवर एक नाव छापत असे. बर्कलीच्या युनिक्समध्ये तो पडद्यावर नावे रकान्यांत मांडू लागला आणि पाइपमधून पुढे पाठवताना मात्र पुन्हा एका ओळीवर एक देऊ लागला. सी भाषेत इझएटीटीवाय नावाचे एक छोटे फंक्शन आहे. आपले आउटपुट टर्मिनलकडे चालले आहे की फाइलीकडे वा पाइपकडे, एवढेच ते सांगते. एलएस त्याला विचारून वागणे बदलत होता. रॉब पाइक आणि ब्रायन कर्निहन यांनी १९८४च्या एका लेखात यावर टीका केली. रकाने पाडायचे काम वेगळ्या कमांडचे आहे, ते एलएसमध्ये घुसवले तर बाकीच्या कमांडना त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा मुद्दा. तर्क म्हणून तो बिनतोड आहे. तरीही वापरणाऱ्यांनी कौल दिला तो एलएसच्या बाजूने, आणि तो योग्यच होता. माणसाला रोज दिसणारी गोष्ट मुळातच नीट दिसली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वेळी दुसरा कमांड जोडायला लावणे म्हणजे हजार वेळा हजार लोकांना तोच त्रास देणे.

आज ही पद्धत सर्वमान्य आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये रंग बराच काळ सांगून चालू करावे लागत, २०१३च्या १.८.४ या आवृत्तीपासून ते आपोआप चालू झाले, पण केवळ आउटपुट टर्मिनलवर जात असेल तेव्हाच. हा ‘केवळ’ फार महत्त्वाचा. ज्या प्रोग्रॅमने ही चौकशी केली नाही, त्याचे रंग लॉग फाइलीत जाऊन बसतात. मग फाइल उघडली की प्रत्येक ओळीच्या आगेमागे चौकटी कंस आणि आकड्यांचा कचरा दिसतो आणि ‘एरर’ हा शब्द शोधणारी स्क्रिप्टही अडखळते.

तो कचरा नेमका काय असतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आस्की संकेतात २७ क्रमांकाला एस्केप नावाचे न दिसणारे चिन्ह आहे. त्यानंतर उघडा चौकटी कंस, मग ३१ हा आकडा आणि शेवटी छोटा एम आला, की टर्मिनल पुढची अक्षरे लाल छापते. आकड्याच्या जागी ३२ आला तर हिरवी. शून्य आला की सगळे पूर्ववत. १९७६च्या एक्मा-४८ या मानकात हे व्याकरण ठरले. व्हीटी१००ने ते सर्वत्र पोहोचवले, आणि गंमत अशी की त्या पडद्याला स्वतःला रंग नव्हतेच. तो अक्षरे ठळक, अधोरेखित, लुकलुकती किंवा उलट्या छटेत दाखवू शके, तेवढेच. पन्नास वर्षांनंतरही लॅपटॉपवरची टर्मिनल विंडो हीच भाषा बोलते. विंडोजच्या कन्सोलला ती शिकायला विंडोज १० उजाडावे लागले.

रंग वापरताना विवेक लागतो. या व्याकरणात प्रोग्रॅम फक्त ‘निळा’ एवढेच सांगतो; तो निळा किती गडद, हे टर्मिनल ठरवते. एलएस बऱ्याच ठिकाणी फोल्डरची नावे निळ्या रंगात देतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद निळा वाचताना डोळे ताणावे लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये कन्सोलची रंगसंगती बदलली, तेव्हा गडद रंग नव्या पडद्यांवर वाचता येत नाहीत हेच कारण दिले होते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. गिटमध्ये फाइलीतले बदल पाहताना काढलेली ओळ लाल आणि घातलेली हिरवी दिसते, पण ओळीच्या सुरुवातीला वजा आणि अधिक ही चिन्हे असतातच. रंग काढून घेतले तरी अर्थ तसाच राहतो. चांगल्या आउटपुटची ही साधी कसोटी आहे. रंग मुळीच नको असणाऱ्यांसाठी २०१७पासून एक संकेत रुळला आहे: नो कलर या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवला असेल, तर प्रोग्रॅमने मुकाट्याने साधी अक्षरे छापावीत. अनेक कमांड तो पाळतात. सगळ्यांनी पाळायला हवा.

ही सगळी सजावटीची चर्चा आहे, असे कोणाला वाटले तर ३१ जानेवारी २०१७ची रात्र आठवावी. त्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता डेटाबेसच्या बिघाडाशी झगडत होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची प्रत ठेवणारा. प्रतीच्या सर्व्हरवरचे फोल्डर पुसून नव्याने प्रत काढायची होती. पुसायचा कमांड चालला तो मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन कमांड थांबवला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास डेटा उरला होता. शेवटी सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने सगळा तपशील जाहीर केला, हे तिच्या प्रामाणिकपणाला धरून झाले. बॅकअप नीट चालत नव्हते हे मोठे कारण होतेच. पण नंतर करायच्या कामांच्या यादीत एक लहानसे कामही होते: सर्व सर्व्हरवरचा प्रॉम्प्ट बदलणे. आपण कोणत्या यंत्रावर आहोत आणि ते खऱ्या वापरातले आहे की चाचणीचे, हे कर्सरच्या शेजारीच स्पष्ट दिसावे म्हणून. दोन टर्मिनल विंडो एकसारख्या दिसत असतील तर थकलेला माणूस कधी ना कधी चुकणारच.

आकड्यांची गोष्ट तुलनेने सोपी आहे, तरी तिथेही दोन वाचक आहेतच. डिस्कवर किती जागा उरली हे सांगणारा डीएफ मुळात किलोबाइटचे ठोकळे मोजतो. ४८७३६२५६ हा आकडा वाचून कोणाला काही बोध होत नाही. छोट्या एचचा पर्याय दिला की तो ४७जी असे सांगतो. पण मग दुसऱ्या वाचकाची पंचाईत होते, कारण नुसत्या आकड्यांवर क्रम लावणाऱ्या सॉर्टला ९०० एम हे ४७ जीपेक्षा मोठे वाटते. २००९मध्ये ग्नूच्या सॉर्टलाही एचचा पर्याय मिळाला आणि त्याला एम-जीचा अर्थ कळू लागला. भारतीय वाचकांसाठी आणखी एक चांगली सोय लिनक्समध्ये आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, भारताची ठेवली की आकड्यांत स्वल्पविराम लाख-कोटीच्या हिशेबाने पडतात, १२,३४,५६७ असे. नमएफएमटी या कमांडला गट पाडायला सांगून हे कोणालाही करून पाहता येईल.

तारखेत मात्र एलएसची एक सवय फसवी आहे. सहा महिन्यांच्या आतली फाइल असेल तर तो तास-मिनिटे दाखवतो, जुनी असेल तर त्याच जागी वर्ष. रकाना एक आणि अर्थ दोन. नवशिके इथे हमखास गोंधळतात. वेळेची शैली लाँग-आयएसओ ठेवली की प्रत्येक ओळीत वर्ष, महिना, दिवस आणि वेळ याच क्रमाने येतात आणि प्रश्न मिटतो.

दोन वाचकांचे भान काही प्रोग्रॅमनी पहिल्यापासून ठेवले. डॅनियल स्टेनबर्ग यांचा कर्ल १९९८पासून वापरात आहे. फाइल उतरवताना तो किती झाले, किती उरले हे दाखवतो, पण ते स्टँडर्ड एररवर. उतरवलेला मजकूर वेगळ्या वाटेने स्वच्छ जातो. आणि मजकूरच टर्मिनलवर छापायचा असेल तर तो प्रगतीचे आकडे दाखवतच नाही, कारण दोन्ही एकमेकांत मिसळतील. उलट कित्येक नवी साधने गोल फिरणारे चिन्ह दाखवतात आणि समोर टर्मिनल आहे की नाही हे पाहतही नाहीत. मग रात्रभर चाललेल्या स्वयंचलित बिल्डच्या लॉगमध्ये त्या चिन्हाच्या हजारो ओळी साचतात आणि खरी एरर त्यांच्याखाली गाडली जाते. नव्यांतही चांगली उदाहरणे आहेत. एकाच कमांडने माणसाला रकाने द्यायचे आणि जेसनचा पर्याय दिला की प्रोग्रॅमला रचलेला डेटा द्यायचा, ही रीत लिनक्सच्या एलएसबीएलके आणि आयपी या कमांडनी उचलली आहे. २०१२मध्ये स्टीफन डोलन यांनी आणलेल्या जेक्यू या साधनामुळे तो डेटा पुन्हा माणसाला वाचण्याजोगा करणेही सोपे झाले.

इथवर वाचक म्हणजे डोळे, असे गृहीत धरले. तसे ते नाही. टी. व्ही. रामन यांचे काम या विषयात फार मोठे आहे आणि ते पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे किशोरवयातच त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित, मग पवईची आयआयटी आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. असा त्यांचा प्रवास. १९९५मध्ये त्यांनी इमॅकस्पीक प्रसिद्ध केले. इमॅक्स या मजकुरावर चालणाऱ्या एडिटरला बोलायला लावणारी ही प्रणाली आहे. त्याआधीचे स्क्रीन रीडर पडद्यावर जे उमटले ते डावीकडून उजवीकडे वाचून दाखवत. रामन यांनी ही पद्धतच सोडली.

त्यांचे म्हणणे कॅलेंडरच्या उदाहरणात लख्ख दिसते. टर्मिनलवर कॅल हा कमांड चालवला की महिन्याचा तक्ता येतो. डोळस माणूस १५ या आकड्यावर नजर टाकतो, सरळ वर पाहतो आणि तो मंगळवार आहे हे त्याला समजते. वाराचे नाव त्या आकड्याजवळ कुठेही लिहिलेले नसते. ते जागेवरून कळते. पडदा वाचणारा प्रोग्रॅम मात्र नुसते ‘पंधरा’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. इमॅकस्पीक पडद्याकडे बघतच नाही. ते कॅलेंडरच्या प्रोग्रॅमलाच विचारते की कर्सर कुठल्या दिवसावर आहे, आणि पूर्ण तारीख वारासकट सांगते. रकाने, रिकाम्या जागा, रंग ही सगळी अर्थ पोहोचवायची डोळ्यासाठीची साधने आहेत. कानासाठी तोच अर्थ आवाजाच्या चढउतारांत मांडावा लागतो. हे ज्याला पटले, तो तक्त्याभोवती रेघांच्या चौकटी आखण्याआधी विचार करेल, कारण त्या रेघा ऐकणाऱ्याला चिन्हागणिक ऐकाव्या लागू शकतात.

आता देवनागरी. मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयातला सर्वांत दुखरा भाग हाच आहे.

टर्मिनलची विंडो म्हणजे शाळेतली चौकटींची वही; एका घरात एक अक्षर, यावर तिचा सगळा कारभार चालतो. रोमन लिपीला ते बरोबर बसते. देवनागरीत एक अक्षर म्हणजे नेमके काय, इथूनच अडते. ‘पुणे’ हा शब्द घ्या. प, उकार, ण, मात्रा अशी युनिकोडमध्ये चार चिन्हे. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण १२. पडद्यावर घरे मात्र दोनच, कारण उकार खाली लागतो आणि मात्रा वर चढते. एकाच शब्दाची लांबी १२, ४ आणि २, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता बॅश या शेलमध्ये प्रिंटएफ या कमांडला सांगा की नाव १२ जागांत बसव आणि पुढे उभी रेघ काढ. रोमन लिपीतले पुणे चार बाइटांचे, म्हणून त्यापुढे आठ रिकाम्या जागा सुटतात आणि रेघ तेराव्या घरात पडते. देवनागरीतले पुणे आधीच १२ बाइटांचे. प्रिंटएफ बाइट मोजतो, त्याच्या लेखी जागा भरली. रेघ नावाला चिकटून तिसऱ्या घरात येते. पायथॉनमध्ये हेच केले तर तिथे चिन्हे मोजली जातात. चार चिन्हांपुढे आठ जागा सुटतात आणि रेघ अकराव्या घरात पडते. ‘नागपूर’ आणि ‘सातारा’ या दोघांची चिन्हे सहा-सहाच, पण नागपूरमधला ऊकार खाली जातो आणि साताऱ्यातले तिन्ही काने शेजारी उभे राहतात. साहजिकच या दोन ओळींच्या रेघाही एकाखाली एक येत नाहीत. गावांच्या नावांचा तक्ता छापणाऱ्या प्रत्येकाने हा वाकडातिकडा रकाना पाहिलेला असतो आणि बहुतेकांनी अखेर नावे रोमनमध्ये लिहून सुटका करून घेतलेली असते. दोष लिपीचा नाही, मोजणीचा आहे.

मोजणी सुधारायचे प्रयत्न जुने आहेत. केंब्रिजच्या मार्कस कून यांनी डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन सर्वांसाठी खुले लिहून दिले. कुठले चिन्ह किती घरे घेते, ते त्यातून कळते. चिनी-जपानी अक्षरांना दोन घरे, वर-खाली लागणाऱ्या खुणांना शून्य, बाकी बहुतेकांना एक. अगणित प्रोग्रॅमनी ते उचलले. देवनागरीतल्या उकाराला आणि मात्रेला त्यामुळे न्याय मिळाला, पण जोडाक्षरांना नाही. ‘स्त्री’मध्ये स, त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून या नियमाने चार घरे होतात, डोळ्याला ते एकच अक्षर दिसते. ‘दिवस’मधली ऱ्हस्व वेलांटी साठवताना द नंतर येते आणि काढायची असते द च्या आधी. प्रत्येक चिन्ह आपापल्या घरात सुटे काढणारे टर्मिनल तिथे हमखास चुकते. प्रोग्रॅमने चार घरे मोजली आणि टर्मिनलने दोनच वापरली, की दोघांचा कर्सर वेगवेगळ्या जागी असतो. मग कमांड दुरुस्त करताना बॅकस्पेस दाबावे तर भलतेच अक्षर पुसले जाते, किंवा पुसलेले अक्षर पडद्यावर तसेच राहते. कमांड चालवण्याच्या जागी अशी गफलत धोक्याची आहे.

म्हणजे हे दुरुस्त व्हायचे तर प्रोग्रॅम, टर्मिनल आणि फाँट या तिघांनी एकच मोजमाप मानले पाहिजे. २०२३मध्ये गुंतागुंतीच्या लिपींना टर्मिनलमध्ये नीट स्थान मिळावे, असा प्रस्ताव युनिकोडपुढे मांडला गेला. कॅलिबर या ई-बुक प्रोग्रॅममुळे जगभर माहीत असलेले कोविद गोयल किटी हे टर्मिनलही लिहितात. त्यांनी मजकुराची रुंदी कोणी व कशी ठरवायची याचे नियम लेखी मांडले आहेत, जेणेकरून प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांच्यात अंदाजाला जागा उरू नये. ही कामे सुरू आहेत आणि त्यांना चाचणी करणारे लोक हवे आहेत. तमिळ, बंगाली, थाई, अरबी या लिपींचे वाचकही याच रांगेत उभे आहेत.

मराठीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला त्यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. आपल्या साधनाचे आउटपुट तपासताना पुणे, सातारा, नागपूर आणि एखादे जोडाक्षरी नाव, जसे त्र्यंबकेश्वर किंवा श्रीवर्धन, अशी चार नावे चाचणीत घालावीत. त्यांचा तक्ता एकदा ८० रकान्यांच्या विंडोत पाहावा, एकदा लेसमधून आणि एकदा फाइलीत वळवून. रेघ जिथे सरकेल तिथे कोण काय मोजतो आहे ते शोधावे, आणि जे सापडेल ते त्या टर्मिनलच्या किंवा लायब्ररीच्या कर्त्यांना पडद्याच्या चित्रासह कळवावे. रोमन लिपीपुरतेच तपासणाऱ्यांना ही चूक दिसतच नाही. त्यांच्या तक्त्यात ती कधी उमटलेलीच नसते.